चिमटा लावला होता

१

टँकर जळून काळाठिक्कर पडला होता. मधल्या कप्प्याचं झाकण उडून थेट कुंपणाच्या भिंतीशी जाऊन पडलं होतं. ड्रायव्हर जागीच गेला होता. तरीही डेपोत पाऊल टाकणारा जो तो आधी जमिनीवर पडलेल्या एका चिमट्याकडे बघायचा.

चिमटा हाताच्या पंजाएवढा होता, जाड तांब्याच्या तारेच्या टोकाला जोडलेला. तारेचं दुसरं टोक जमिनीत खोल गाडलेलं. टँकर भरणीला लागला की सगळ्यात आधी हा चिमटा त्याच्या सांगाड्याला लावायचा, मग झाकण उघडायचं, हा डेपोचा पहिला नियम. पेट्रोल असो की डिझेल, लोखंडी नळ्यातून ते जोरात वाहायला लागलं की नळ्याला घासत जाताना विजेचा भार घेऊन येतं. तो दिसत नाही, त्याचा वासही येत नाही, पण टँकरच्या पत्र्यावर साठत जातो. चिमटा लावलेला असला की तारेतून मुकाट जमिनीत उतरतो. लावलेला नसला की केव्हातरी ठिणगी पडते.

आणि चिमटा तर जमिनीवर पडलेला. मग आणखी काय विचारायचं?

चिमटा लावायचं काम ज्याचं, त्या माणसाला डेपोत सगळे दादा म्हणत. भरणीच्या चौथऱ्यावर त्याची उमर गेली होती. मेलेला ड्रायव्हर त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा. दादाचे ते दाजी, म्हणून हळूहळू अख्ख्या डेपोचेच दाजी झालेले. दादा आता भाजलेल्या हातांनी दवाखान्यात पडला होता आणि येईल त्याला एकच सांगत होता, "चिमटा लावला होता."

कोणाचाच विश्वास बसत नव्हता. बहिणीचा तर मुळीच नाही.

सरकारी तपासणीच्या बाई आल्या तेव्हा आग विझून दोन-तीन दिवस झाले होते. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने आडव्या, पायात जाड तळव्यांचे बूट. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. समोरच्याचं बोलणं संपलं की डावा कान पुढे करून त्या म्हणायच्या, "पुन्हा एकदा सांगता?" माणूस पुन्हा सांगायचा आणि दुसऱ्या वेळी हमखास काहीतरी वेगळं सांगायचा. बाईंची निम्मी चौकशी त्यातच होऊन जायची.

डेपोचे साहेब त्यांच्याबरोबर टँकरपाशी आले. साहेबांच्या शर्टाला कडक इस्त्री होती, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"उघड आहे, मॅडम," ते म्हणाले. "माणूस चांगला हो, पण विसरला. रोजचं काम म्हटलं की डोकं दुसरीकडे जातं."

"भरणीचा वेग किती होता?"

"नेहमीचाच."

"पुन्हा एकदा सांगता? कान जरा अधू आहे माझा."

साहेबांनी घसा खाकरला. "म्हणजे नेहमीचाच. बाहेर रांग लागली होती, त्यामुळे जरा... पण फार नाही."

बाईंनी मान हलवली आणि त्या टँकरच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. तिथे सांगाड्याला चिमटा अडकवण्यासाठी लोखंडाची एक जाड पट्टी काढलेली होती. पट्टीवर काजळीचा थर बसला होता. बाईंनी त्यावर विजेरीचा झोत टाकला आणि बराच वेळ तसाच धरला.

"साहेब, इकडे या. काजळी सगळीकडे आहे ना?"

"हो."

"मग इथे का नाही?"

पट्टीच्या कडेला बोटाएवढ्या दोन जागा लख्ख होत्या. एक वरच्या अंगाला, एक खालच्या. बाईंनी जमिनीवरचा चिमटा उचलून त्याचे दात त्या जागांवर टेकवले. एक दातसुद्धा इकडेतिकडे झाला नाही.

"आग लागली तेव्हा चिमटा इथेच होता," बाई उठत म्हणाल्या. "म्हणून त्याच्याखाली काजळी शिरली नाही. दादा खरं बोलतोय. चिमटा काढलाय आग विझल्यावर, आणि काढणारा इथेच कुठेतरी होता."

२

दवाखान्यात दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले, भुवया जळून गेलेल्या. बाईंनी स्टूल ओढलं आणि त्याच्या तोंडापाशी डावा कान येईल असं बसल्या.

"चिमटा तुम्ही लावला होता. मला पटलंय."

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं बाईंना वाटलं होतं, पण तो जास्तच घाबरल्यासारखा दिसला.

"मग आग कशाने लागली?" त्याने विचारलं.

"तेच शोधायचंय. काय झालं ते सांगा."

दादाने सांगितलं. मधल्या कप्प्यात डिझेल भरायचं होतं. आदल्या फेरीला त्याच कप्प्यात पेट्रोल होतं. त्याने चिमटा लावला, झाकण उघडलं, नळा आत सोडला, पंप सुरू झाला. तो चौथऱ्यावर नळा उघडबंद करायच्या चाकापाशी उभा होता. दाजी टँकरच्या माथ्यावर, उघड्या झाकणाशी ओणवे.

"ड्रायव्हरने भरणीच्या वेळी वर चढायचं नसतं ना?"

"नसतं."

"मग ते का चढले?"

दादाने डोळे मिटून घेतले.

"बरं, ते राहू द्या. पुढे?"

"दाजींनी हाक मारली. बंद म्हणाले. मी चाकाला हात घातला, पण ते फिरवायच्या आतच भडका झाला."

"पुन्हा एकदा सांगता? काय म्हणाले?"

"बंद. म्हणजे पंप डोक्याशी घरघरत होता, धड ऐकू कुठे येतंय? 'बाद' असं काहीतरी आलं कानावर. बंद करच म्हणाले असणार, दुसरं काय म्हणतील?"

"आवाज घाबरलेला होता?"

"नाही. उलट, एखादी वस्तू घरभर शोधावी आणि ती समोरच सापडावी, तेव्हा माणूस बोलतो ना, तसा."

बाईंनी हे मनात ठेवलं. त्यांना स्वतःला अर्धवट ऐकायची सवय होती. अर्धं ऐकलेलं वाक्य माणूस आपल्या मनातल्या शब्दाने पुरं करतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

त्या बाहेर आल्या तर व्हरांड्यात दादाची बहीण उभी होती. हातात डबा होता, पण ती खोलीच्या दाराकडे पाठ करून उभी होती. डबा तिने नर्सकडे दिला.

"आत नाही जाणार?" बाईंनी विचारलं.

"डबा आईने दिलाय. मी आणला, एवढंच." मग ती अगदी सपाट आवाजात म्हणाली, "तुम्ही त्याला विचारलंत का, हे वर कशाला चढले? ह्यांचा खांदा निकामी होता. शर्ट घालायचा तरी बाही मी धरायची. गाडीची शिडी चढायची वेळ आली की मिस्त्रींना सांगायचे."

"विचारलं. बोलत नाहीत."

"कसा बोलेल? आदल्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आमच्या अंगणात. हे घरात आले ते जेवलेसुद्धा नाहीत."

३

मिस्त्री म्हणजे टँकर उभे करायच्या वाड्यावरचा फिटर. गाड्या परत आल्या की त्यांची देखभाल करायची, झाकणं उघडून कप्पे वाळवायचे, ब्रेक बघायचे, हे त्याचं काम. दादा, दाजी आणि मिस्त्री यांचं त्रिकूट जुनं होतं. एकाच्या घरी गळती लागली की बाकीचे दोघे पाना घेऊन हजर. आताही दाजींच्या घरी लागेल ते सगळं मिस्त्रीच बघत होता. बाई पोहोचल्या तेव्हा तो अंगणात पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्च्या लावत होता. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून खुर्च्या डाव्या हाताने ओढत होता.

"त्या दिवशी तुम्ही डेपोत कसे?" बाईंनी विचारलं.

"ब्रेक आवाज करत होता, तो ऐकायला गाडीबरोबर गेलो होतो."

"आणि हात?"

"चाक बंद करताना भाजला. नळ्यावर चाक असतं ना, ते. दादा तर पडला होता, मग कोणीतरी बंद करायला नको का? तापलं होतं सणसणीत."

"पुन्हा एकदा सांगता?"

"चाक हो. वर चढलो, चाक गच्च आवळलं आणि खाली आलो." पट्टीचा हात त्याने पाठीमागे नेला.

"जखम दाखवता?"

दाखवण्यासारखं काय आहे त्यात, असं पुटपुटत त्याने पट्टी सोडली. चारही बोटांच्या आतल्या बाजूने एकच बारीक रेघ गेली होती, सरळ, खोल, लाल. तळहात कोरा होता.

बाईंनी पट्टी आपल्या हातांनी पुन्हा बांधून दिली. "काळजी घ्या. पिकू देऊ नका," एवढंच म्हणाल्या.

तिथून त्या पेट्रोलपंपावर गेल्या. दाजींचा टँकर ठरावीक पंपांवर तेल उतरवायचा आणि त्यातल्या एका पंपाच्या मालकीणबाईंशी त्यांचं वाजलं होतं, असं डेपोतल्या दुसऱ्या ड्रायव्हरांच्या बोलण्यात आलं होतं. मालकीणबाई वयस्कर, नाकावर चष्मा, आणि मोजमापाच्या पट्टीखेरीज कोणावरही विश्वास न ठेवणाऱ्या.

"कमीच यायचं," त्या म्हणाल्या. "त्या एका गाडीतून, त्या एका मधल्या कप्प्यातून. एक बादलीभर, जास्त नाही. दुसऱ्या कुठल्याही गाडीचं असं होत नाही."

"तुम्ही ड्रायव्हरला बोललात?"

"चोर म्हणाले मी त्याला. चारचौघांत. तो काही बोलला नाही, टँकरच्या पोटावर नुसता हाताने ठोकून बघत राहिला." मालकीणबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "तो गेला हे कळल्यापासून मला बरं वाटत नाहीये. पण तेल कमी यायचं ते यायचंच. ते मी कसं नाकारू?"

बाई डेपोत परतल्या आणि सरळ भरणीच्या चौथऱ्यावर चढल्या. नळ्याचं लोखंडी चाक हाताने फिरवून बघितलं. बंद करायच्या दिशेने ते गरगर फिरत गेलं, फिरतच राहिलं.

चाक पूर्ण उघडं होतं. आगीच्या वेळी पंप थांबला तो साहेबांनी ऑफिसातलं तांबडं बटण दाबल्यामुळे. हे चाक त्या दिवशी कोणीच बंद केलं नव्हतं.

४

म्हणजे मिस्त्री खोटं बोलत होता. पण त्याने चाक धरलं नाही, तर धरलं काय?

बाई टँकरच्या माथ्यावर चढून मधल्या कप्प्यात वाकल्या. आत तळाशी फेस आणि पाणी. त्यांनी झाकणाच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवली. एका जागी बोट अडकलं. करंगळीएवढा आकडा, आतून जोडलेला, वरून सहज बघणाऱ्याला दिसू नये असा बाजूला. आकड्याला काहीतरी चिकट, काळं, वितळून थिजलेलं होतं. नखाने खरवडल्यावर त्याचा तंतू निघाला. नायलॉन.

"हा आकडा कारखान्यातून येतो का?" त्यांनी खाली उभ्या साहेबांना विचारलं.

"कसला आकडा?" साहेब म्हणाले, आणि त्यांचं आश्चर्य खरं होतं.

आकडा होता, दोरी होती. दोरीला काय होतं ते मात्र आत नव्हतं.

बाई खाली उतरून सावलीत बसल्या. समोर भिंतीशी आगीसाठीची मांडणी होती: उभ्या चौकटीला वाळूच्या तांबड्या बादल्या टांगायचे आकडे, बाजूला जळतं सामान ओढायला लांब दांड्याची आकडी. आग लागली तेव्हा लोकांनी घाईघाईने बादल्या उपसल्या होत्या आणि नंतर कोणीतरी त्या एका ढिगात लोटून ठेवल्या होत्या. डेपोचा झाडूवाला आता त्या पुसून जागच्या जागी लावत होता. बाई त्याच्याकडे बघत होत्या, कारण बघायला दुसरं काही नव्हतं.

झाडूवाल्याने शेवटची बादली उचलली, चौकटीकडे बघितलं आणि डोकं खाजवलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"एक उरतेय," तो म्हणाला. "आकडे सगळे भरले. ही कुठली?"

बाई उठल्या. बाकीच्या बादल्यांचा तांबडा रंग बाहेरून करपला होता, आत वाळूचे कण चिकटलेले होते. या बादलीला तांबड्या रंगाचा मागमूस नव्हता. ती आतूनही तितकीच काळी होती जितकी बाहेरून, आणि तिला डिझेलचा वास येत होता. तिची तारेची कडी मधोमध धरून बघितली तर तिथेही तोच चिकट, थिजलेला काळा गोळा.

साहेबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "म्हणजे चोरी," ते म्हणाले. "कप्प्यात बादली टांगून ठेवायची. टँकर भरला की बादली भरते. तेल उतरवलं की कप्पा रिकामा होतो, बादली भरलेलीच राहते. परत आल्यावर वर ओढून घ्यायची. आणि गाडी कोणाची? दाजींची. मेला बिचारा, पण स्वतःच्याच करणीने मेला."

दुपारपर्यंत ही बातमी दाजींच्या घरी पोहोचली होती.

५

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. दादाला दवाखान्यातून खुर्चीवर बसवून आणलं. बहीण दाराजवळ उभी राहिली. मिस्त्रीने तिच्यासाठी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. टेबलावर कागदात गुंडाळलेली बादली होती.

"आधी आग," बाई म्हणाल्या. "चिमटा लावलेला होता. टँकरच्या पत्र्यावरचा भार जमिनीत जात होता. पण बादली नायलॉनच्या कोरड्या दोरीवर लोंबत होती, कुठेच न टेकता. नायलॉनमधून वीज वाहत नाही. नळ्यातून भार घेऊन आलेल्या तेलाचे शिंतोडे बादलीवर उडत राहिले आणि तो भार तिच्यात साठत गेला. जायला वाटच नव्हती. शेवटी तो शेजारच्या पत्र्यावर ठिणगी होऊन उडाला."

"पण बादली काय त्याच दिवशी टांगलेली नव्हती," साहेब म्हणाले. "मग आधी का नाही झालं?"

"आधी सुरुवातीला हळू सोडत होतात, नळ्याचं तोंड बुडेपर्यंत. त्या दिवशी रांग लागली होती, म्हणून तुम्ही पहिल्यापासून जोर लावायला सांगितलंत. वेग वाढला की भारही वाढतो. त्यात कप्प्यात आदल्या पेट्रोलची वाफ राहिलेली. नुसत्या पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. डिझेल आत आलं, वाफ विरळ झाली आणि नेमकी पेट घ्यायच्या बेताला आली. हे माझ्या अहवालात येणार आहे, साहेब."

साहेब खाली बघू लागले.

"आता बादली कोणाची ते. दाजींची असं सगळे म्हणताहेत. पण आग विझल्यावर ही बादली कप्प्याच्या तळातून वर आली, आणि दाजी तर तेव्हा जमिनीवर चादरीखाली होते. ज्याला ती आत आहे हे माहीत होतं, त्यानेच ती काढली. लोक दाजींभोवती जमले असताना तो वर चढला, भिंतीजवळची लांब आकडी आत घालून त्याने बादली वर ओढली, आणि ओढून झाल्यावर आकडीबरोबर बादलीही तिथेच ठेवून दिली. बादल्यांच्या घोळक्यात एक बादली कोण ओळखणार? मग चिमटा काढून खाली टाकला. चिमटा सुटलेला दिसला की कोणी कप्प्यात डोकावणार नव्हतं."

बाईंनी कागद उलगडला आणि बादलीची तारेची कडी उभी केली.

"कडी तापलेली होती. चारही बोटांवर एक सरळ रेघ उठली. चाकाने भाजलं असतं तर तळहात गेला असता. शिवाय चाक उघडंच होतं."

खोलीत कोणीच मिस्त्रीकडे बघत नव्हतं. तो स्वतःच बोलला.

"दाजीला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "त्याचं नाव घेऊ नका. आकडा मी जोडला, बादली माझी. गाडी वाड्यावर आली की मी काढून घ्यायचो. जनरेटरवाला घेऊन जायचा. टँकरभर तेलात एक बादली, कोणाला कळतंय, असं वाटायचं."

"आणि त्यांना चोर म्हटलं गेलं तेव्हा?"

"मला सांगितलं त्याने. म्हणाला, उद्या मी वर चढून डोळ्यांनी बघणार. म्हणून मी ब्रेकचं निमित्त करून बरोबर गेलो. वाटलं, त्याआधी काढून घेता येईल. जमलं नाही. तो शिडी चढत होता, एका हाताने, आणि मी खाली उभा होतो. म्हणावं वाटलं, थांब, मी सांगतो. पण सांगितलं असतं तर परत त्याच्यासमोर उभं कसं राहायचं?" तो दादाच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "दादाची नोकरी जाईल, एवढंच वाटलं होतं. तुरुंगाचं बोलतील हे डोक्यात नव्हतं."

बाई दादाकडे वळल्या. "दाजींनी जी हाक मारली, ती 'बंद' नव्हती. पंप थांबवायचा असला तर माणूस 'बंद कर' म्हणून ओरडतो, घाबरून ओरडतो. तुम्हीच म्हणालात, त्यांना काहीतरी सापडल्यासारखा आवाज होता. आणि तुमच्या कानावर 'बाद' आलं."

"बादली," दादा म्हणाला.

"बादली. ती त्यांचीच असती तर त्यांनी तिचं नाव घेऊन हाक मारली नसती. आणि त्या खांद्याने त्यांना भरलेली बादली वरून ओढता आली नसती, हे त्यांच्या बायकोने मला आधीच सांगितलं होतं."

दाराशी उभी असलेली बहीण तेव्हा कुठे खुर्चीवर बसली.

६

मिस्त्रीला नेलं. साहेबांना वरून बोलावणं आलं आणि पुढे त्यांची खुर्ची गेली. पंपाच्या मालकीणबाई दाजींच्या घरी आल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या की मी चुकले, आणि चहा न घेता परत गेल्या.

दवाखान्याने दादाला घरी जायची मोकळीक दिली त्या सकाळी तो पलंगाच्या कडेवर बसून होता. शर्टाची बटणं लावता येत नव्हती. घरी म्हातारी आई तेवढी, तेव्हा कोणाला बोलवावं हेही सुचत नव्हतं. बहीण आली. या वेळी ती व्हरांड्यात थांबली नाही. तिने त्याच्या शर्टाची बटणं लावायला सुरुवात केली.

"एक सांगायचंय," तो म्हणाला.

"सांग."

"त्या संध्याकाळी अंगणात दाजींनी मला विचारलं, तू कमी भरतोस का? माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, एवढा संशय असेल तर उद्या वर उभे राहा आणि बघा स्वतःच्या डोळ्यांनी. मी सांगितलं म्हणून ते चढले."

तिचे हात मधल्या बटणावर थांबले.

"मग बाईंना का नाही सांगितलंस? तुझ्यावर सगळं आलं होतं."

"सांगितलं असतं तर त्यांना चोर म्हटलेलंही सांगावं लागलं असतं. ते मला म्हणाले होते, घरात कळू देऊ नकोस. आणि खरं सांगू? मलाच खात्री नव्हती. वाटलं, न जाणो, खरंच काही केलं असलं तर तुझ्यापर्यंत कशाला पोचवायचं?"

बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"ते रात्रभर जागे होते," ती शेवटी म्हणाली. "मी विचारलं तर म्हणाले, खांदा दुखतोय. तू म्हणाला नसतास तरी ते चढले असते, दादा. मला सांगितलं असतं तर मीसुद्धा म्हटलं असतं, जा, बघून या."

तिने उरलेली बटणं लावली, कॉलर सारखी केली.

"हात बरे व्हायला किती दिवस म्हणाले?"

"वेळ लागेल म्हणाले."

"मग तोवर माझ्याकडे चल. तुला भरवायचं म्हणजे आईला आता झेपणार नाही."

तिने वाकून पलंगाखालून त्याच्या चपला ओढून काढल्या, त्यांवरची धूळ हाताने झटकली आणि एक एक करून त्याच्या पायांत घातल्या.